पूरं शिकलं की पुणं

वसमतच्या आमच्या शेडमध्ये हळद शिजवायचे कुकर बनतात, आणि कुकरपेक्षा जास्त किस्से बनतात. माणूस कामाला लागला तेव्हाचं कोणाला आठवत नाही. तो सोडून गेला, की चहाच्या वेळी त्याचा किस्सा निघतो. मी इथं तयार मशीनला रंग मारते. हात ब्रशवर असला तरी कान मोकळेच असतात.

आमच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. कारागीर टिकवायचा तर त्याचा मान ठेवावा, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. म्हणून खंडेनवमीला मशीनची पूजा झाल्यावर त्यांनी मारोती वेल्डरचा सत्कार केला. शाल, टोपी, नारळ. आम्ही टाळ्या वाजवल्या.

दसरा झाल्यावर मारोती कामावर आलाच नाही. अण्णांनी फोन लावला, तर म्हणाला, "अण्णा, चार माणसांत नारळ दिला तुमी. आता कोणत्या तोंडानं कामावर येऊ?"

अण्णांनी पुष्कळ समजावलं. तोवर मेव्हण्यानं त्याला चाकणला चिकटवलं होतं.

मग अण्णांना वाटलं, लग्न झालेला माणूस गाव सोडत नाही. लेथवरच्या कैलाससाठी ते स्वतः आखाडा बाळापूरला स्थळ घेऊन गेले. मुलीच्या आईनं विचारलं, "पोरगं पुढं पुण्याला जाईल का?"

अण्णा छाती काढून म्हणाले, "अजिबात न्हाई. मरेपर्यंत माझ्याकडंच."

बाई उठून आत गेल्या. चहासुद्धा आला नाही.

कैलास पुण्याला गेला आणि त्याच मुलीशी त्याचं लग्न झालं. पत्रिकेत अण्णांचं नाव प्रमुख पाहुण्यांत होतं. अण्णा गेले, जेवले, आहेर करून आले.

त्यानंतर 'कुशल वेल्डर पाहिजेत' असा बोर्ड मी रंगवून रस्त्यावर लावला. पहिल्याच आठवड्यात एक गाडी थांबली. उतरलेल्या माणसानं अदबीनं विचारलं, "ताई, मी कंपन्यांना माणसं पुरवतो. तुमच्याकडं चांगले वेल्डर हायेत म्हणं?"

शेवटी जुने म्हणावेत असे एकटे गफूरचाचा राहिले. कुकरला वाफ पुरवणाऱ्या टाकीचा शेवटचा जोड तेच मारायचे. तो जोड कच्चा राहिला, तर ऐन शिजवणीत टाकी फुटते आणि उकळती वाफ जवळच्या माणसाच्या अंगावर येते. म्हणून अण्णा दुसऱ्या कोणाला त्याला हात लावू देत नसत.

नवीन पोरं आली तेव्हा अण्णा म्हणाले, "चाचा, यांना सगळं शिकवा. टाकीचा जोड तेवढा सोडून."

चाचांना ते पटलं नाही. "अण्णा, आधा शिकवणं बराबर न्हाई. पोरांचं नुकसान हाय."

"पूरं शिकलं की पुणं," अण्णा म्हणाले. "मी आता थकलोय, चाचा."

चाचांनी ऐकलं. तो जोड मारताना ते पोतं आडवं बांधायचे. संतोष नावाचा पोरगा चेष्टा करायचा, "चाचा, नवरी बसवली का मधी?" चाचा हसायचे नाहीत.

त्या वर्षी कोणीच सोडून गेलं नाही. संतोष पुण्याला मुलाखत देऊन परत आला. तिथं त्याला टाकीचं काम विचारलं होतं. अण्णांनी सगळ्यांना जिलेबी आणली.

हळदीच्या हंगामाच्या तोंडावर चाचांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शेडमध्ये टाक्या तशाच उघड्या पडलेल्या, आणि शेतकरी रोज येऊन बसू लागले. एकानं विचारलं, "पोरं एवढी हायेत, मंग काम काहून थांबलं?"

अण्णा संतोषला घेऊन चाचांच्या घरी गेले. मीही सोबत होते. अण्णा खाटेजवळ खालीच बसले. म्हणाले, "चाचा, चुकलं माझं. आता दाखवा याला. कसंबी दाखवा."

चाचांनी अण्णांकडं पाहिलं. मग त्यांचा डावा हात उठला. बोटं जुळली, हात हळूहळू वर गेला, थोडा वळला, खाली आला. पुन्हा तसाच.

अण्णा कुजबुजले, "बघ, नीट बघ."

संतोष पापणी न लवू देता बघत होता. त्यानं हवेत तसाच हात फिरवून पाहिला. चाचांनी मान हलवली आणि पुन्हा हात वर नेला. संतोषनंही नेला.

स्वयंपाकघरातून चाची गिलास घेऊन आल्या. त्यांनी संतोषला हातानं बाजूला केलं.

"सरको बेटा," त्या म्हणाल्या. "पानी मांग रहे उनो."