शून्यावर विश्वास न ठेवणारी दोचकामावशी

कल्पना करा, तुमच्यासमोर टेबलावर सव्वीस फोन मांडलेत. सगळे वापरलेले. कुणाची काच तडकलेली, कुणाचं मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं. ॲपमधलं एक बटण तुम्ही अर्धं बोट खाली सरकवलंय, एवढंच. आता ते बटण सव्वीसही फोनांवर दाबून बघायचं. प्रत्येक फोनातलं अँड्रॉइड वेगळ्या वयाचं : कुठे पाचवी आवृत्ती, कुठे नववी, कुठे चौदावी. चौदावीवर बटण छान दिसतं. नववीवर दिसतं, पण दाबलं जात नाही. पाचवीवर बटणच नाही, नुसती पांढरी जागा. तुम्ही पाचवीसाठी दुरुस्ती करता आणि बारावी बिघडते. पुन्हा पहिल्या फोनापासून सुरुवात. संध्याकाळपर्यंत तुमचा कशावरच विश्वास उरत नाही.

दोचकामावशीचा तो आधीपासूनच नव्हता. म्हणून तर या कामात ती आम्हा सगळ्यांना भारी होती.

बल्गेरियातल्या गाब्रोवोत नदीकाठच्या बंद पडलेल्या कापड गिरणीत आमचं सात जणांचं ऑफिस आहे, दुसऱ्या मजल्यावर. याच मजल्यावर मावशीने एकोणीस वर्षं कापड तपासलं. उजेडासमोर ताणलेल्या कापडावरून बोटं फिरवायची आणि सुटलेला धागा जिथे लागेल तिथे खडूची खूण करायची. गिरणी बंद झाली. मग तिने शाळेत कोट सांभाळले, दवाखान्यात फरशा पुसल्या, आणि आमचं ऑफिस निघालं तेव्हा इथेही फरशी पुसायलाच आली. एके दिवशी बादली खाली ठेवून तिने स्वतःचा फोन आमच्या कामेनसमोर धरला. कामेन म्हणजे ऑफिसचा मालक.

"तुमचं हे ॲप खोटं बोलतंय. आमच्या गल्लीत सहाला पाणी येणार म्हणतं, आणि खालचा 'संध्याकाळी' हा शब्द कापला गेलाय. मी पहाटे सहाला उठले!"

दुसऱ्या महिन्यापासून फरशी पुसायला दुसरी बाई आली आणि मावशी फोन तपासायला टेबलाशी बसली.

फोन ती अंड्यांच्या पुठ्ठ्यांत उभे ठेवायची. प्रत्येकाला गिरणीतल्या लोकरीचा धागा बांधलेला. जितकी जुनी आवृत्ती तितका गडद रंग. पाचवीचे तीन फोन काळ्या धाग्याचे. बाजारातून ब्रेड आणला तरी घरी स्वतःच्या काट्यावर पुन्हा तोलायची. कुणी तिच्या कामाचं कौतुक केलं तर विचारायची, "काय हवंय तुला?"

आमचं ॲप पाण्याच्या वेळा सांगतं. डोंगराखालच्या गावांत बरीच वर्षं उन्हाळ्यापासून पुढे पाणी दिवसाआड येतं, तेही दोन तास. वेळ चुकली की टब, बादल्या, बाटल्या रिकाम्या, आणि पुढचे दोन दिवस शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघायचं. पाणी कंपनी वेळा सतत बदलते. आम्ही त्या फोनवर दाखवतो.

ऑक्टोबरच्या शेवटी कामेनने सगळ्यांना बोलावलं. चीज भरलेली बानित्सा आणि प्यायला बोझा मागवलेला, म्हणजे बातमी चांगली असणार. मावशीने बानित्साचा तुकडा उलटा करून खालून बघितला.

"एक डिसेंबरपासून पाचवी आवृत्ती बंद," कामेन म्हणाला. "हा तक्ता बघा. कोणत्या आवृत्तीवर किती लोक ॲप उघडतात ते. पाचवीवर शून्य."

मला आनंद झाला हे लपवत नाही. ॲपचा कोड मी लिहितो, आणि पाचवीमुळे प्रत्येक काम मला दोनदा करावं लागायचं. ॲपसाठी मी करत असलेला नवा नकाशा तिच्यावर चालायचाच नाही. एक डिसेंबरनंतर त्या फोनांवर ॲप उघडलं की एकच वाक्य दिसणार होतं : हा फोन आता चालणार नाही.

"शून्य?" मावशी म्हणाली.

"साफ शून्य."

"अकरा असते तर मी मान्य केलं असतं. शून्य कसे? मी रोज काळ्या धाग्याच्या फोनावर ॲप उघडते. निदान मी तरी दिसायला हवी ना?"

"मावशी, ऑफिसच्या इंटरनेटवरचे फोन आपण मोजणीतून वगळतो," मी म्हणालो. "नाहीतर तुमच्या सव्वीस फोनांनीच तक्ता भरून जाईल."

"हं," मावशी म्हणाली. ती 'हं' म्हणाली की काही पटलं असं कुणी समजू नये.

त्या संध्याकाळी तिने काळ्या धाग्याचा एक फोन पिशवीत टाकला. चार दिवस ती घरून, स्वतःच्या इंटरनेटवर, सकाळी एकदा आणि जेवताना एकदा ॲप उघडत राहिली. पाचव्या दिवशी माझ्या खुर्चीमागे येऊन उभी.

"तक्ता दाखव."

पाचवी : शून्य.

"मी मेले का रे तिशो?"

"एक फोन म्हणजे... आकडा गोल करताना शून्य दिसत असेल," मी म्हणालो. माझा स्वतःचाही त्यावर फारसा विश्वास नव्हता, पण नकाशाचं काम अर्ध्यावर आलं होतं.

"गिरणीत एक मुकादम होता. त्याच्या वहीत खराब ठाण कधीच नसायचं. का माहीत आहे? खराब ठाणं दुसऱ्या दाराने बाहेर जायची, वही पहिल्या दाराशी असायची." तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "पाचवी गेली तर सगळ्यांत जास्त सुटका कुणाची होते?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. त्यानंतर ती दुपारी माझ्याबरोबर जेवायला बसेना.

नोव्हेंबरचा पहिला शनिवार मृतांच्या स्मरणाचा. मावशीचा नवरा मिंचो लिवादेत्स गावचा. त्याची कबर तिथेच. ती उकडलेला गहू आणि वाइनची बाटली घेऊन बसने गेली. कबरीवर वाइन ओतली, मेणबत्ती लावली, बायकांना गहू वाटला. परतीच्या बसला वेळ होता म्हणून दुकानाकडे वळली.

दुकानाच्या दारावर, नेहमीप्रमाणे, मृत्यूच्या सूचना चिकटवलेल्या. त्यांच्या मधोमध वहीचा एक कागद. जांभळ्या शाईत, थरथरत्या अक्षरात, पाण्याच्या आठवडाभराच्या वेळा. आणि प्रत्येक ओळीच्या आधी हाताने काढलेला एक चौकोन. काही चौकोनांत फुली, काही रिकामे.

मावशी तिथेच थांबली. आमच्या ॲपमध्ये प्रत्येक ओळीआधी एक छोटी बादली असते. फक्त पाचव्या आवृत्तीवर ती बादली उमटत नाही, तिथे रिकामा चौकोन दिसतो. हा दोष मावशीनेच शोधून नोंदवला होता, आणि मीच त्यावर 'दुरुस्त करणार नाही' असा शेरा मारला होता.

"हे कोण लावतं?" तिने दुकानदाराला विचारलं.

"वेलिका आजी. वरच्या बाजूचं निळं फाटक. पण ती उघडणार नाही."

फाटकाच्या फटीतून एक डोळा दिसला.

"कुणाची गं तू?"

"मिंचोची. खालच्या आळीतला. सहा वर्षं झाली त्याला जाऊन."

"मिंचोची बायको पाणी कंपनीत आहे म्हणे."

"कंपनीत नाही हो आजी. मी फोन तपासते."

"म्हणजे कंपनीचीच. मीटर बघायला आलीस."

"मीटर नाही, तुमचा फोन बघायचाय."

"आज फोन, उद्या मीटर, परवा कोंबड्या मोजायला याल."

"मी तुमच्या जागी असते तर मीही उघडलं नसतं," मावशी म्हणाली, आणि पिशवीतून उरलेल्या गव्हाचा पेला काढून फटीसमोर धरला. "मिंचोच्या आत्म्यासाठी."

मेलेल्याच्या नावाने दिलेलं अन्न नाकारता येत नाही. फाटक उघडलं. आजीने पेला घेतला, "देव क्षमा करो त्याला," असं पुटपुटली आणि एक चमचा खाल्ला. "साखर कमी घातलीस." मग नाइलाजाने आत घेतलं.

फोन दिवाणखान्यातल्या संतांच्या तसबिरीखाली, भरतकामाच्या रुमालात गुंडाळलेला. तो आजीच्या मुलीचा, तिकडे स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियात वापरून झालेला. तिने लोकरीच्या मोज्यांत कोंबून पाठवलेला. नवा घेतला की जुना गावी, ही इथली रीतच. मावशीने तो उघडला. पाचवी आवृत्ती. आमचं ॲप. चौकोनांची रांग.

"तुमच्या कागदावरच्या फुल्या कसल्या?"

"आता तूच सांग, कंपनीवाली! चौकोन तुम्हीच दिलाय ना? पाणी खरंच आलं का ते बघून खूण करायला." आजीने खणातून कागदांची जाड चळत काढली. जुलैपासूनचा प्रत्येक आठवडा. "मी नळ उघडून बघते, मगच फुली मारते. तुमच्या शब्दावर कोण विसंबतं? इथे चाळीस घरं आहेत, स्वतःचा फोन सहा जणांकडे, आणि त्यांना डोळ्यांनी दिसत नाही. सगळे माझा कागद बघतात. एक दिवस लावला नाही तर दुकानदार विचारतो, आजी जिवंत आहे का."

मावशी मला नंतर म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला कुणाचं काम पुन्हा तपासावंसं वाटलं नाही. तरी तिने तीन कागद तपासलेच.

सोमवारी ती कोट न काढता सरळ माझ्या टेबलाशी आली आणि त्या कागदाचा फोटो माझ्यासमोर ठेवला. मी चौकोन पाहिले. समजायला दोन श्वास लागले.

"मोजणीचं कुणी लिहिलंय?"

"मी."

"उघड."

कामेनही मागे येऊन उभा राहिला. मी ती जुनी फाइल शोधली. मोजणीसाठी आम्ही बाहेरून एक तयार साधन घेतलं होतं, आणि ते सहाव्या आवृत्तीच्या खाली चालत नव्हतं. ॲप बंद पडू नये म्हणून चार वर्षांपूर्वी मी एक अट घातली होती : आवृत्ती सहा किंवा वर असेल, तरच मोज. शेजारी माझीच टीप : 'तात्पुरतं. नंतर बघू.'

"म्हणजे पाचवीवाले शून्य नव्हते," कामेन हळूच म्हणाला. "आपण त्यांना मोजतच नव्हतो."

"मुद्दाम केलंस?" मावशीने मला विचारलं.

"नाही मावशी. विसरलो."

तिने माझ्या चेहऱ्यावरून, कापडावरून बोट फिरवावं तशी, नजर फिरवली. "मुद्दाम असतं तर बरं होतं. ते पकडता येतं."

त्या आठवड्यात मी नकाशा बाजूला ठेवला. पाचवीसाठी स्वतःची छोटी मोजणी लिहिली : ॲप उघडलं की सर्व्हरवर एक खूण, बाकी काही नाही. आठ दिवसांनी तक्त्यात आकडा आला : तीनशे सत्तेचाळीस. कामेन तो आकडा बघून म्हणाला, "बरं. पाचवी राहू दे. निदान पाण्याची ही टंचाई आहे तोवर."

"लिहून दे," मावशी म्हणाली.

"मावशी, माझ्या शब्दावर..."

"लिहून दे आणि सही कर."

त्याने हसत हसत लिहून दिलं. मावशीने तो कागद अंड्यांच्या पुठ्ठ्यात, काळ्या धाग्यांच्या मध्ये उभा ठेवला. बादलीचं चिन्ह पाचवीवर दुरुस्त करू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, खबरदार. लिवादेत्सला फुल्या मारायला जागा उरणार नाही.

दुपारी ती पुन्हा माझ्यासमोर जेवायला बसली. मला वाटलं, झालं एकदाचं. तिने दह्याच्या डब्यात चमचा बुडवला आणि तो तिथेच राहिला.

"तिशो, ती अट तू कधी घातलीस?"

"चार वर्षांपूर्वी."

"आणि चौथी आवृत्ती आपण कधी बंद केली?"

चौथी आम्ही बंद केली तीन वर्षांपूर्वी. तेव्हाही कामेनने असाच तक्ता दाखवला होता, आणि चौथीसमोर शून्य होतं. केक मी आणला होता. आम्ही सर्व्हरवरच्या जुन्या नोंदी शोधल्या. वर्षापेक्षा जुनं सगळं पुसलेलं होतं. अंड्यांच्या पुठ्ठ्यातले चौथीचे फोन त्याच वेळी भंगारात गेले होते. मावशीकडे फक्त त्यांचे दोन धागे उरले होते.

हल्ली ती शनिवारी बसने फिरते. कधी एका गावाला, कधी दुसऱ्या. दुकानांच्या दारांवरचे कागद वाचते, मृत्यूच्या सूचनाही. सोमवारी आली की मला तोच प्रश्न विचारते, आणि मला वाटतं ती तो कामेनला किंवा मला विचारत नसतेच :

"आपल्या चौथीच्या शून्यानंतर कोणत्या गावात कागद लागायचा थांबला, आणि तिथे आता पाण्याची वेळ कोण कुणाला सांगतं?"