खाटेखालचा सूर्य

आमची नाखवीण प्रत्येक गोष्ट आधी हुंगायची. पापलेटाचा कल्ला नाकाशी नेला तर समजू शकते हो, पण ती औषधाची बाटलीही हुंगायची, माझ्या सुनेने दिलेला केकसुद्धा. "नाकाला फसवता येत नाय, बाय," म्हणायची. शिरवण्याहून टोपली घेऊन नेरूळला आमच्या दारात यायची. मासे कमी, गप्पा जास्त.

तिच्या नवऱ्याचा, नाखव्याचा दमा वाढला आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. लाइट गेली की मशीन बंद. म्हणून तिने पत्र्यावर सोलर बसवलं आणि वीज साठवायला ही एवढी लिथियमची बॅटरी घेतली. "सूर्याला बरनीत भरून ठेवलाय," गल्लीभर सांगत फिरली.

बसवणाऱ्याने बॅटरी बाहेर, पडवीच्या भिंतीला लावली होती. पण खाडीचा खारा वारा कडी-कुलूपसुद्धा खातो, हे तिला लहानपणापासून माहीत. तिने वायरमनकडून ती आत बसवून घेतली, थेट नाखव्याच्या खाटेखाली. तापते म्हणून वर ओलं गोणपाट, मासळीवर घालतात तसं.

"अगं, विजेची वस्तू ती, भिजवतेस काय?"

"तापलं का भिजवायचं. जलमभर त्येच केलंय मी."

मे महिन्यात एकदा टोपली उतरवून ती नुसतीच बसली. "बाय, खाटेखाली गोड वास येतो. पिकल्या आंब्यावानी. आनि त्या बॅटरीचं पोट फुगलंय."

"आधी बाहेर काढ तिला."

"काढली आनि लाइट गेली, तर त्याचा सास कशावर चालवू?"

बसवणारा सोमवारी येणार होता. तोवर नाखव्याला दवाखान्यात ठेव म्हटलं, तर हसली. "सोमवारपर्यंत काय व्हतंय?" आणि मला बोंबील निवडून दिले.

शनिवारी दुपारी लाइट गेली. मशीन बॅटरीवर चालू झालं आणि थोड्या वेळाने खाटेखालून धूर आला. तिने नाखव्याला एकटीने ओढत अंगणात आणलं. तो तडफडत होता, म्हणून मशीन आणायला ती परत आत गेली. अंगणात त्या मशीनला वीज कुठून मिळणार होती, हे तिला विचारायला जवळ कोणी नव्हतं.

नाखवा आता नावड्याला लेकीकडे असतो. लाइट गेली की दाराकडे बघत बसतो म्हणे.

परवा आमच्या सोसायटीने लिफ्टसाठी जिन्याखाली तशाच बॅटऱ्या बसवल्या. नव्या आहेत, चांगल्या आहेत, सगळे सांगतात. मी येता-जाता थांबून हुंगते. काल सेक्रेटरी हसत म्हणाला, "आजी, रोज काय शोधता इथे?"

मी म्हटलं, "ते सोड. आधी सांग, इथे कोणी आंबे ठेवलेत का?"