चालता माग

नवी पेठेतल्या आमच्या वाचनालयात लिनक्सवर चालणारा एकच कॉम्प्युटर आहे. तो बंद करायचा पासवर्ड फक्त माझ्याकडे, म्हणजे ग्रंथपालाकडे असायचा. रोज त्यावर पेपर वाचायला येणारे एक काका, यंत्रमागावर आयुष्य गेलेले, वाचून झालं तरी त्याच्यासमोरून हलत नसत. सून फोनवर जेवायला बोलवायची. मी येऊन तो बंद करेपर्यंत ते मांडीवर हात ठेवून वाट बघत बसायचे.

"काका, चालू ठेवून जायचं की."

"चालता माग सोडून उठलं की कुणाचा तरी हात जातोय त्यात."

शेवटी मी सेटिंग बदललं. आता कुणालाही तो पासवर्डशिवाय बंद करता येणार होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी कॉम्प्युटर बंद केला. मग दिवे बंद केले, पंखे बंद केले आणि समाधानानं घरी गेले.

मे महिना होता. आत आम्ही चौघं वाचत होतो. परवानगी मीच दिली होती, म्हणून पेपरनं वारा घेत बसलो.