तिसऱ्या आग्रहाचं अंडं

आर्लिस ट्वाइट म्हणजे अंडी करण्यात मुरलेली बाई. मिनेसोटातल्या त्या लहानशा गावात चर्चचं जेवण असलं आणि तिची मोहरी घालून भरलेली अंडी आली नाहीत, तर लोक तोंड पाडून घरी जायचे. स्वतःही मिटक्या मारत खायची. उरलेल्या बटाट्यांवर फोडून, कांदा घालून, नाहीतर नुसती उकडून मीठमिरी लावून. स्वस्त, पोटाला आधार आणि रोज खाऊनही वीट न येणारं दुसरं काही असेल तर सांगा बुवा!

पण त्याच अंड्यांनी तिला घरात डांबून ठेवलं होतं. आई बोर्गहिल्ड नव्वदीला टेकलेली. दात गेले, मांस चावेना, भाजी पचेना. सकाळी दुधात भिजवलेल्या टोस्टवर एक मऊ अंडं, दुपारी अंड्याचं कस्टर्ड, संध्याकाळी लोण्यात हलवलेलं अंडं, यावरच म्हातारी तगली होती, आणि तेही आर्लिसच्याच हातचं. डॉक्टर कौतुकानं म्हणाले, ही अंडी खातेय तोवर हिला काही होत नाही. आर्लिसनं मान डोलावली, पण तिच्या छातीवर धोंडा पडला.

आर्लिसची साठी जवळ आली होती. डुलुथ शहरात, मोठ्या तळ्याकाठी, मैत्रिणीच्या खाणावळीत न्याहारीची शेगडी तिची वाट पाहत होती. बर्फ पडायच्या आत आलीस तर ये, नाहीतर दुसरी बाई ठेवते, असं मैत्रिणीनं स्पष्टच सांगितलं होतं. आता नाही तर कधीच नाही, हे आर्लिसला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून धाकटी बहीण मार्व्हल वाळवंटातल्या ॲरिझोनाहून आली. आई तिच्या हातचं खायला लागली, की आईला तिकडे न्यायचं, असं ठरलं. आर्लिसनं सगळं शिकवलं. मार्व्हलनं ते झटकन उचललं; खरं सांगायचं तर तिचं अंडं आर्लिसपेक्षाही मऊ व्हायचं. तरी ताटली जशीच्या तशी परत यायची. आई म्हणायची, पोट भरलंय, तूच खा. मार्व्हल बिचारी लगेच ताटली उचलायची. म्हातारी दिवसेंदिवस वाळत चालली.

एकदा आर्लिसनं दारातून हे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं वेडे, आपल्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर कोण हो म्हणतं? दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा 'बरं, दे थोडं'. वाळवंटात राहून आपली रीतही विसरलीस?"

दोघी पोट धरून हसल्या. त्या रात्री आर्लिसनं माळ्यावरची बॅग खाली काढली.

सकाळी मार्व्हलनं विचारलं. आई नको म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा नको. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आर्लिस श्वास रोखून उभी होती. नको. मार्व्हलनं गयावया केली, देवाची शपथ घातली. म्हातारीनं तोंड फिरवलं. मार्व्हल डोळे पुसत अंगणात निघून गेली.

आर्लिस ताटली उचलायला वाकली. ती काही बोलायच्या आत आईनं ताटली ओढून घेतली आणि खाऊ लागली. घाईघाईनं, हनुवटीवर पिवळं सांडत, तळ टोस्टनं पुसेपर्यंत.

"छान केलंय हो. मार्व्हलच्या हाताला चव आहे."

"मग ती एवढी विनवत होती, तेव्हा का नाही खाल्लंस?"

"खाल्लं असतं तर तू गेली असतीस," आई शांतपणे म्हणाली.

आर्लिसला वाटलं, ताटली भिंतीवर आपटावी. तिला आईचा इतका राग आला, की स्वतःचीच भीती वाटली. पण म्हातारीची मनगटं काडीएवढी झाली होती, आणि ती रिकाम्या ताटलीकडे बघत बसली होती.

दुपारी आर्लिसनं डुलुथच्या मैत्रिणीला कळवलं, माझी वाट पाहू नकोस. बॅग आदळत परत माळ्यावर टाकली. संध्याकाळी मात्र लोणी वितळवलं, दोन अंडी फोडली आणि फुंकर घालत आईला भरवली.