मतदार यादीत सासरचं नाव

तुमच्या सुनेच्या आधार कार्डावर कोणतं नाव आहे, हे कार्ड न बघता तुम्हाला सांगता येईल का?

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात, आमच्या गल्लीत मी हे विचारलं तेव्हा लोक हसले. समोरचे काका म्हणाले, "सून म्हणजे सून. तिले का दोन-दोन नावं असतात?"

असतात. आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. पेढे वाटले जातात, आणि माहेरचं नाव त्या दिवसापासून माहेरीच उरतं. सरकारी कागदांना मात्र कोणी पेढा देत नाही.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा नळाच्या पाण्याची, शाळेच्या छताची, कसली कसली पत्रकं काढायचे. बाराखडी संपल्यावर मी वाचलं ते तेच. म्हणून लोकसभेच्या निवडणुकीत मीही एक पत्रक काढलं, पक्षाचं नाही, नियमांचं. नुसतं कार्ड असून भागत नाही, यादीत नाव लागतं. घरी येते ती चिठ्ठी म्हणजे ओळखपत्र नव्हे. मतदार कार्ड नसेल तर आधार किंवा फोटोचं पासबुक चालतं, पण मूळ. मोबाइलमधला फोटो नाही, कारण मोबाइल आत नेऊ देत नाहीत. उन्हात दारोदार फिरले. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याच पत्रकात बांधलेले मुरमुरे घरी आले.

शेवटपर्यंत वाचलं ते एकट्या शेजारच्या वहिनीनं. तिचं माहेर वरुडकडचं, म्हणजे तासाभराच्या अंतरावर पण दुसऱ्या राज्यात. लग्नाला वर्ष झालं असेल. संध्याकाळी ती आधार कार्ड पदराखाली घेऊन आमच्या ओट्यावर आली.

"ताई, हे पाहा बरं. यादीत नाव इकडचं हाय, अन् आधारावर तिकडचं."

झालं होतं ते असं. तिकडच्या यादीतून तिचं नाव काढून इथं आणताना सासऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या कियोस्कवर सासरचं नाव सांगितलं. भरणाऱ्यानं भरलं, तपासणाऱ्यानं सोडलं. फोटो मागितला तर लग्नातला दिला, मुंडावळ्यांसकट. नवं मतदार कार्ड अजून आलं नव्हतं. लग्नाची नोंद कोणी केलीच नव्हती.

"तिकडं आता टाकता येत नाही," ती म्हणाली, "अन् इथं टाकू देतीन का?"

आमच्या बूथची मतदार यादी सांभाळणाऱ्या बीएलओ म्हणजे अंगणवाडीच्या मॅडम. मी विचारायला गेले तर त्या दारातच म्हणाल्या, "दुरुस्तीची तारीख गेली व बाई. मले काहून विचारून राहिली आता? कागद असतीन तेवढे घेऊन जा म्हणा तिले. साहेबानं मानलं तर मानलं."

वहिनीच्या सासूबाईंना त्यात काळजीसारखं काही दिसलं नाही. "अख्खी गल्ली ओळखते आमच्या सुनेले," त्या म्हणाल्या.

मतदानाच्या दिवशी वहिनी इस्त्रीची साडी नेसून आली. हातात आधार आणि लग्नपत्रिका. बायकांच्या रांगेत मी तिच्या मागे होते. फाटकावरचा जवान एका आजोबांना मोबाइल बाहेर ठेवायला सांगत होता आणि आजोबा त्याला मोबाइलमधलं आधार दाखवत होते. मी रांगेतूनच सांगितलं, "आजोबा, घरून कार्ड आणा." ते म्हणाले, "तूच घेऊन ये ना मंग, तुले लय कळते तर."

आत टेबलावरच्या बाईंनी यादी बघितली, आधार बघितलं आणि केंद्राध्यक्षांना बोलावलं. ते बाहेरगावचे, हिंदी बोलणारे, सकाळपासून उभे असल्यासारखे दिसत होते. त्यांनी यादीतल्या नखाएवढ्या फोटोशी तिचा चेहरा जुळवून पाहिला. मुंडावळ्यांखालून काही ओळखू येईना. पत्रिकेत माहेरचंच नाव. कोपऱ्यात बसलेला पोलिंग एजंट आमच्याच गल्लीतला. तो म्हणाला, "साहेब, मैं पहचानता हूँ. हमारे पड़ोस की बहू है."

"किसके घर की बहू है, ये नहीं पूछा," साहेब शांतपणे म्हणाले. "नाम पूछा है. इस नाम का कोई कागज़ है?"

नव्हता. वहिनी वळली आणि रांगेच्या बाजूनं निघून गेली.

मला त्या माणसावर चिडायचं होतं. जमलं नाही. नावाची खात्री पटल्याशिवाय कोणालाही यंत्रापर्यंत जाऊ देऊ नये, हे मीच छापून वाटलं होतं, आणि आजही मला ते पटतं. कोणी तिच्या नावावर येऊन मत टाकून गेलं असतं तर याच माणसाला मी झोपू दिलं नसतं.

घरी सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेले टाकजो. मत का पळून राहिलं?"

वहिनी चूल पुसत होती. "मत नाही पळून राहिलं, आत्याबाई," ती म्हणाली. "मी कोण हाय, हेच मले सांगता नाही आलं तिथं."

त्यानंतर सौंसरला मावशीच्या गल्लीत विचारून पाहिलं. तिथंही हीच गत, तिथंही हेच हसू. मी आता थकले आहे. नवं पत्रक काढायची इच्छा होत नाही, म्हणून हे इथं लिहिते.

निवडणूक लांब आहे तोवर घरातल्या सुनेचं आधार आणि मतदार यादीतलं नाव शेजारी ठेवून वाचा. जुळत नसेल तर बीएलओकडे दुरुस्तीचा अर्ज द्या. आणि अर्ज भरण्याआधी, कोणतं नाव ठेवायचं ते तिला विचारा.