काशीताईंचा ‘तो गृहस्थ’

वाचता वाचता काशीताई एकदम थांबायच्या. आवंढा गिळायच्या, सुपारीचं खांड तोंडात टाकायच्या आणि मग म्हणायच्या, “...तो गृहस्थ.” एका पानात हे कितीदा तरी व्हायचं. ऐकणाऱ्या आम्ही बायका तेवढ्यात हातातल्या वाती वळायच्या विसरायचो. गोष्टच तशी होती, त्यामुळे त्यांचं ते थांबणं आम्हाला गोष्टीतलंच वाटायचं.

नारायणगावात आमच्या आळीत वाचता येणारी बाई त्या काळात एकच. काशीताई वैद्यबुवांच्या पत्नी, माहेर शिनोलीचं. अंगाने किरकोळ, नाकात मोठी नथ, आणि आवाज असा स्वच्छ की मागच्या परड्यातही ऐकू यावा. दुपारची जेवणं उरकली की त्यांच्या पडवीत आम्ही जमायचो. बाजारातल्या दुकानदाराची राजूबाई यायची. तिच्या आजेसासऱ्यांनी मारवाडातून येऊन दुकान थाटलेलं, पण मराठी बोलायला लागली की मला मागे टाकायची. वारूळवाडीची सोनाई दूध घालून झालं की रिकामी चरवी घेऊन उंबऱ्याशी टेकायची. आणि मी. शाळामास्तरांची बायको, आणि अक्षरओळख शून्य.

कादंबरी मासिकातून तुकड्यातुकड्याने यायची. एका इनामदाराच्या घरी नवी बायको येते. नवरा रोज आपल्या हाताने तिला दुधाचा पेला आणून देतो आणि ती तो रिकामा करीपर्यंत समोरून हलत नाही. दूध कडू लागतं. विचारलं तर तो नुसता हसतो. गोठ्यामागच्या खोलीची किल्ली कंबरेला बांधून हिंडतो. एक दिवस ती पाठ वळवून दूध तुळशीत ओतते, आणि तुळस वाळते.

“गरम दूध वतल्यावर तुळस वाळंल न्हाई तर काय व्हईल?” सोनाई म्हणाली. “पर त्या बाप्याला नाव-गाव हाय का न्हाई, ताई? सारखं आपलं गृहस्थ, गृहस्थ.”

“शेवटी कळेल,” काशीताई म्हणाल्या. पानात बोट घालून मासिक मिटण्याची त्यांची एक ढब होती. “घाई कसली? नवरा कुठे पळून जातोय?”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाकरी करपली, पाहुणे खोळंबले, कुणाची सून रुसून माहेरी गेली, सगळ्यावर तेच. लोक हसायचे. मला मात्र ते वाक्य ऐकलं की पोटात दुखायचं.

कारण सांगते. मासिक आमच्याच घरी येत होतं. वर्गणी आमच्या ह्यांची. स्वतः वाचून झालं की हे ते वैद्यबुवांच्या ओट्यावर नेऊन द्यायचे. वैद्यबुवा खलात औषध घोटत बसलेले, काशीताई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या, आणि हे विचारताहेत, “मग काय वाटतं तुम्हाला? त्या खोलीत काय असेल?” त्यावर काशीताईंचं काहीतरी चोख उत्तर, आणि ह्यांचं मोठ्याने हसणं. आमच्या घरात ते हसणं मी ऐकलेलं नव्हतं. घरी आले की, “आमटीत मीठ कमी आहे.” बस्स. इनामदाराच्या बायकोचं दूध कडू होतं, माझं तर सगळं जेवणच कडू झालं होतं.

लग्नानंतर ह्यांनी मला शिकवायला पाटी आणली होती, ती मीच हसून फळीवर टाकली होती. आता मीच ती खाली काढली आणि म्हटलं, “मला शिकवा.” ह्यांना इतका आनंद झाला की मला आणखीच राग आला. अक्षरं झाली, जोडाक्षरं झाली. एक दिवस ह्यांनी पाटीवर स्वतःचं नाव लिहिलं आणि गंभीर चेहरा करून म्हणाले, “वाच.” मी लाजेने तळहाताने पुसून टाकलं. नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायचं, तेही पदर तोंडाशी धरून. एरवी कोण घेतं? पण ते नाव दिसतं कसं, ते डोळ्यांत बसलं.

म्हणून तर घात झाला. वाचता येऊ लागल्यावर मी पहिल्यांदा मासिकाचे, काशीताईंकडून परत आलेले जुने अंक काढून बसले. इनामदाराचं नाव शेवटी कळणार होतं ना? पहिल्याच पानावर छापलेलं होतं. दुसऱ्या, तिसऱ्या, प्रत्येक पानावर होतं. आणि ते आमच्या ह्यांचं नाव होतं.

मी सगळे अंक पुन्हा चाळले, नाव तेच. बाई एकाच पुरुषाचं नाव गिळते. काशीताईंच्या यजमानांचं नाव तर वेगळं. मग माझ्या नवऱ्याच्या नावाशी ह्या बाईचा आवंढा का अडतो?

सासूबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या डाळ निवडता निवडता म्हणाल्या, “काशी होय? तिची पत्रिका आली होती की आपल्याकडे. जुळली नाही.” एवढं बोलून त्या खडे वेचत राहिल्या. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. ह्यांच्याकडे बघवेना. पाण्याचा तांब्या पुढे करायची तोही मान वळवून.

शेवटचा अंक आला तेव्हा तो ह्यांना नेऊ दिला नाही. बायका जमायच्या आधीच मी तो घेऊन काशीताईंच्या पडवीत गेले आणि मासिक त्यांच्यापुढे आपटलं. “हे नाव तुम्ही का वाचत नाही?”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “वाचायला लागलीस होय? बरं झालं.”

“पत्रिका आली होती म्हणे तुमची.”

“माझी पत्रिका बाबांनी घोडेगावपासून जुन्नरपर्यंत फिरवली गं. कुणाकुणाकडे गेली ते मला काय ठाऊक?” मग त्या उठून उभ्या राहिल्या आणि भाजीवालीला हाक मारावी तशा खणखणीत आवाजात त्यांनी आमच्या ह्यांचं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. “झालं? मनात काही असतं तर असं घेता आलं असतं? तू समोर बसणार, आणि मी म्हणणार की अमुक अमुक बायकोला विष घालतोय. राजूबाई तुझ्याकडे बघून हसली असती, सोनाईने गावभर केलं असतं. तुझ्यासाठी गिळलं मी ते नाव. घसा सुकला माझा सुपारी खाऊन.”

इतक्यात बायका आल्या. काशीताईंनी मासिक माझ्या हातात दिलं. “आज मास्तरीण वाचणार.”

मी वाचू लागले. अडखळत, बोट ठेवत. ते दूध कडू होतं ते औषधाने. बायकोला क्षय जडतोय असं हकिमाने सांगितलेलं, आणि ती घाबरेल म्हणून त्याने कधी सांगितलंच नव्हतं. त्या खोलीत नुसत्या झाडपाल्याच्या जुड्या होत्या. सोनाई पदराने डोळे पुसत होती. “रडत रडत ती म्हणाली, मला क्षमा करा,” मी वाचलं, “आणि...” पुढे नाव आलं. मी थांबले. आवंढा गिळला. “...तो गृहस्थ.”

“हिचंबी तेच,” सोनाई म्हणाली. काशीताई नथ हलेपर्यंत हसल्या.

पुढे वैद्यबुवांनी जुन्नरला बिऱ्हाड हलवलं. अखेरच्या आजारात काशीताईंना दिसेनासं झालं, तेव्हा मी जाऊन त्यांना वाचून दाखवायची. एकदा डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, “घेतलंस का गं कधी त्या गृहस्थाचं नाव?” मी नाही म्हटलं. “घे की. घाई कसली, नवरा कुठे पळून जातोय?” त्या आठवड्यात त्या गेल्या.

नवराही पळालाच शेवटी. हे गेले त्याला आता वर्षं लोटली. घरात कोणी नसताना मी त्यांचं नाव मोठ्याने घ्यायचा प्रयत्न केला आहे. ओठापर्यंत येतं आणि आवंढा येतो. एवढं सगळं लिहिलं त्यातही ते आलेलं नाही, तुम्ही पाहिलंच असेल. आणि काशीताईंनी ते भर दुपारी, पडवीत उभं राहून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं घेतलं होतं. त्याचा मला अजून हेवा वाटतो.