सत्तारमियांचं सरळ उत्तर

हैदराबादच्या शालिबंड्यात सत्तारमियांचं शिंपीकामाचं दुकान होतं. हातात जादू, पण सरळ उत्तर म्हणून कधी द्यायचा नाही. चहा घेणार का विचारलं तर म्हणायचा, "तुम्ही काय विष पाजणार आहात?" आता याला हो समजायचं की नाही, तुम्हीच सांगा.

समोर राहणाऱ्या विधवा हमीदाबीचा एक कुडता कधीपासून त्याच्याकडे पडून होता. ती रोज यायची.

"झाला का कुडता?"

"झालाच समजा."

"समजू, की झाला?"

"भरवसा नाही का आमच्यावर?"

"मी कुडत्याचं विचारतेय, मियां."

"ईदपर्यंत घ्या की."

"कुठल्या ईदपर्यंत?"

यावर मियां तोंडात सुई धरायचा, म्हणजे बोलायची सोयच नाही.

एकदा हमीदाबी तापाने पडली. आठवडाभर दुकानाकडे फिरकली नाही. मियांने एका नवरदेवाच्या शेरवानीला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. तेव्हा कुठे त्याला उमगलं की कुडता आपण देत का नव्हतो. मग त्याने बहिणीकरवी मागणी घातली.

हमीदाबीने निरोप पाठवला, "निकाहात सरळ बोलणार असतील तर. काजीसाहेबांनी आधी त्यांना विचारावं. त्यांचं उत्तर ऐकून मग मी."

रीत उलटी होती, पण काजीसाहेब मियांचे जुने गिऱ्हाईक. त्यांनाही ते उत्तर ऐकायचंच होतं.

"कबूल आहे?" निकाहाच्या दिवशी त्यांनी विचारलं.

"एवढी मंडळी बिर्याणीला जमलीत," मियां म्हणाला, "आता नाही कसं म्हणायचं?"

"तसं नव्हे. कबूल आहे का?"

"आम्ही कधी नाकबूल केलं?"

मंडळी हसली. सवय मेली जाता जात नाही. तेवढ्यात पडद्याआडून हमीदाबीचा आवाज आला, ती मियांच्या बहिणीला विचारत होती, "आपा, माझ्या चपला कुठे ठेवल्यात?"

मियां झटकन ताठ बसला. ती खरंच उठून जाईल, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? आणि उद्या दुकानात कोणी कुडत्याचं विचारायला येणार नाही.

"कबूल आहे," तो म्हणाला. मग न विचारताच आणखी दोनदा म्हणाला. चौथ्यांदा म्हणणार होता, काजीसाहेबांनी हात धरला.

आता पडद्याआड प्रश्न गेला. बांगड्या किणकिणल्या. मग शांतपणे उत्तर आलं, "बघू, ईदपर्यंत."

"कुठल्या ईदपर्यंत?" मियां रडवेला होऊन ओरडला.

पडद्याआड हसू फुटलं. "कळलं ना आता कसं वाटतं ते?" हमीदाबी म्हणाली. "लिहा काजीसाहेब. कबूल आहे."